परजीवी-संसर्गाच्या प्रयोगांतील कोंबड्यांची निवासव्यवस्था : रक्ती हगवणीच्या अभ्यासाच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : प्रयोगप्राणी, कुक्कुट, आयमेरिया टेनेला, ऊसिस्ट, नियंत्रण गट, जैवसुरक्षा

प्रस्तावना

प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व पशुवैद्यक या विषयांच्या संशोधनात कोंबडीचा प्रयोगप्राणी म्हणून दीर्घकाळापासून उपयोग होत आला आहे. एक दिवसाची पिल्ले उबवणी केंद्रातून सहज उपलब्ध होतात, त्यांचा खर्च बेताचा असतो आणि त्यांची वाढ झपाट्याने होते. या कारणांमुळे विशेष सुविधा नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही परजीवी-संसर्गाचे प्रयोग हाती घेतले जातात. वनौषधींच्या अर्काने रक्ती हगवण आटोक्यात येते किंवा कसे, हा तर एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रबंधांचा आवडता विषय म्हणावा लागेल.

अशा प्रबंधात औषधाची मात्रा, ऊसिस्टची संख्या, रक्तघटकांची तपासणी यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. पक्षी कोठे व कसे ठेवले होते, याविषयी मात्र बहुधा एक वाक्य असते. निवास ही प्रयोगाच्या बाहेरची, शिपायावर सोपवण्याची बाब आहे, असा समज त्यामागे दिसतो. हा समज चुकीचा आहे. परजीवीच्या प्रयोगात पिंजरा हे सूक्ष्मदर्शकाइतकेच महत्त्वाचे उपकरण असून, त्यात दोष असल्यास निष्कर्षही सदोष ठरतो. तो दोष बहुतेक वेळा संसर्ग देण्याच्या दिवसानंतर नव्हे, तर त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत शिरतो. प्रस्तुत लेखात आयमेरिया टेनेला या परजीवीच्या अनुषंगाने या बाबीचा विचार केला आहे.

परजीवीचे जीवनचक्र व पिंजऱ्याची जमीन

आयमेरिया हा एकपेशीय परजीवी आहे. कोंबडीत त्याच्या सात जाती पूर्वीपासून ज्ञात असून २०२१ मध्ये आणखी तीन जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांपैकी टेनेला ही जात कोंबडीच्या दोन आंधळ्या आतड्यांच्या भित्तिकेत वाढते. मात्रा दिल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी भित्तिकेतील रक्तवाहिन्या फुटून विष्ठेत रक्त दिसू लागते. पाचव्या-सहाव्या दिवशी मरतूक होते. सहाव्या-सातव्या दिवसापासून ऊसिस्ट, म्हणजे जाड कवचाच्या सूक्ष्म अंडपुटी, विष्ठेवाटे बाहेर पडू लागतात.

येथे निवासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ताजा बाहेर पडलेला ऊसिस्ट संसर्गक्षम नसतो. प्राणवायू, ओलावा व ऊब मिळाल्यावरच त्याच्या आत चार पुटिका व प्रत्येक पुटिकेत दोन बीजाणुज तयार होतात. या क्रियेला पक्व होणे असे म्हणू. प्रयोगशाळेत २८ ते ३० अंश सेल्सियस तापमानात दोन दिवसांत बहुतेक ऊसिस्ट पक्व होतात. यावरून 'दर चोवीस तासांनी विष्ठा काढली की चक्र तुटते' असा नियम सांगितला जातो. तो अर्धा खरा आहे. याच तापमानाला टेनेलाचे पहिले ऊसिस्ट सुमारे १८ तासांतच पक्व होतात. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर या काळात खोलीचे तापमान सहज तेवढे असते, आणि पिल्लांसाठी ब्रूडर लावलेला असेल तर थंडीतही असते. म्हणजे सकाळी एकदा ट्रे साफ करणाऱ्या प्रयोगशाळेत, आदल्या दुपारच्या विष्ठेतील काही ऊसिस्ट तोपर्यंत संसर्गक्षम झालेले असू शकतात. सफाई दिवसातून दोनदा व्हावी, ही मागणी त्यामुळे अवास्तव नाही.

सफाईला पूरक दुसरा उपाय म्हणजे जाळीची जमीन. तारेच्या जाळीतून विष्ठा खालच्या ट्रेमध्ये पडते व पक्ष्याच्या चोचीपासून दूर जाते. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरलेल्या गादी पद्धतीत नेमके उलट घडते. गादी ओलावा धरते, पिल्ले ती उकरतात, टिपतात आणि चक्र अखंड चालू राहते. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याला मोजून दिलेल्या मात्रेचा अभ्यास करावयाचा असेल, तर गादीवर ठेवलेल्या पक्ष्यांत प्रत्यक्ष मात्रा किती गेली हे सांगणेच अशक्य होते.

तथापि जाळीवर पूर्ण विसंबता येत नाही. कोंबडीची विष्ठा दोन प्रकारची असते. नेहमीची विष्ठा घट्टसर असून तिच्यावर पांढरा थर असतो. आंधळ्या आतड्यांतून दिवसातून मोजक्याच वेळा बाहेर पडणारी विष्ठा तपकिरी, मऊ व चिकट असते. टेनेलाचे ऊसिस्ट मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारात सापडतात, आणि हीच विष्ठा जाळीच्या तारांना चिकटून राहते. पिल्ले ती टोचतात. म्हणून ट्रे बदलणे पुरेसे नसून जाळीही ब्रशने घासून गरम पाण्याने धुवावी लागते. पाण्याची व खाद्याची भांडी पिंजऱ्याबाहेर, पाठीच्या उंचीला असावीत. म्हणजे त्यांत विष्ठा पडत नाही. मात्रा दिल्यानंतरच्या पहिल्या दिवशीचा ट्रे तर विशेष काळजीने हाताळावा. तोंडावाटे दिलेल्या पक्व ऊसिस्टपैकी काही न फुटता तसेच बाहेर पडतात व त्यांना पक्व होण्यासाठी वेळही लागत नाही.

जाळी आणि पक्ष्याचे हित

जाळीची जमीन शास्त्रीय दृष्टीने सोयीची असली, तरी पक्ष्याच्या दृष्टीने ती सोयीची नाही. कोंबडीला उकरणे, मातीत लोळणे, चोचीने शोधणे या क्रिया स्वाभाविक आहेत व जाळीवर त्यांपैकी एकही साधत नाही. जाळीची छिद्रे मोठी असल्यास लहान पिल्लांचे पाय अडकतात. वजनदार ब्रॉयलर पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात. अशी जखम झालेला पक्षी खाद्यपात्राकडे कमी जातो, त्याचे वजन घटते, आणि प्रबंधात ती घट परजीवीच्या खात्यावर मांडली जाते.

या पेचातून मार्ग परजीवीच्या जीवनचक्रानेच दाखवला आहे. टेनेलाचा प्रयोग मात्रा देण्यापासून शवविच्छेदनापर्यंत बहुधा सात ते दहा दिवसांचा असतो. तेव्हा पिल्लांना पहिले दिवस निर्जंतुक केलेल्या ब्रूडरमध्ये, रोज बदलल्या जाणाऱ्या खरबरीत कागदावर वाढवावे व मात्रेपूर्वी दोन-तीन दिवस जाळीच्या पिंजऱ्यात हलवावे, म्हणजे त्यांना नव्या जागेची सवय होते. जाळीवरचा काळ एवढा मर्यादित ठेवता येत असताना पक्ष्यांना पहिल्या दिवसापासून जाळीवर ठेवण्याचे समर्थन करता येत नाही.

अ‍ॅस्कॅरिडिया गॅली या मोठ्या गोल कृमीच्या बाबतीत हिशेब वेगळा होतो. त्याची अंडी संसर्गक्षम होण्यास अनुकूल परिस्थितीतही दहा दिवसांहून अधिक काळ लागू शकतो, आणि मात्रा दिल्यापासून कृमी प्रौढ होऊन अंडी विष्ठेत येईपर्यंत पाच ते आठ आठवडे जातात. दोन महिने पक्ष्यांना जाळीवर उभे ठेवणे क्रूरतेचे ठरेल व त्याची गरजही नाही. दर चार-पाच दिवसांनी संपूर्ण गादी काढून नवी घातली तरी अंडी पक्व होण्याआधीच बाहेर जातात. येथे पक्ष्याचे हित व प्रयोगाची शुद्धता यांत विरोध उरत नाही.

हिवतापाच्या परजीवीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १८९८ मध्ये कोलकाता येथे रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध केले, तेव्हा त्यांच्या निवासव्यवस्थेचे मुख्य साधन होते मच्छरदाणी. पक्ष्यांचे पिंजरे मच्छरदाणीत ठेवून कोणत्या डासाने कोणत्या पक्ष्याला चावावे हे त्यांनी नियंत्रित केले. पुढे प्लास्मोडियम गॅलिनेसियम या कोंबडीच्या हिवतापाचे वर्णन ब्रुम्प्ट यांनी १९३५ मध्ये केल्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिवतापविरोधी औषधांच्या चाचण्या पिल्लांवर मोठ्या प्रमाणावर झाल्या. या परजीवीच्या अभ्यासात विष्ठा निरुपद्रवी असते. पक्षी खुशाल गादीवर ठेवावेत. दक्षता खिडकीच्या जाळीची व रक्त लागलेल्या सुईची घ्यावी. प्रत्येक परजीवीचे घर वेगळे असते, एवढाच या उदाहरणांचा अर्थ.

संसर्गापूर्वीचे दोन आठवडे

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. समजा, पिल्ले आणल्यापासून चौदाव्या दिवशी मात्रा द्यावयाची आहे. ज्या खोलीत ती वाढत आहेत, तेथे पूर्वी दुसऱ्या विद्यार्थ्याने याच परजीवीवर काम केले होते. खोली फिनेलने धुतली, भिंतींना चुना दिला. तरीही जाळीच्या सांध्यात काही ऊसिस्ट उरले व पहिल्या आठवड्यात काही पिल्लांनी ते टिपले. एवढ्या अल्प संसर्गाने पिल्ले आजारी दिसत नाहीत. परंतु त्यांच्यात त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होऊ लागते. चौदाव्या दिवशी दिलेली मात्रा अशा पिल्लांवर अपेक्षित परिणाम करीत नाही.

ही पिल्ले योगायोगाने अर्क दिलेल्या गटाच्या पिंजऱ्यात असतील तर? व्रण कमी, ऊसिस्ट कमी, वजन अधिक. अर्क गुणकारी ठरतो, निबंध प्रसिद्ध होतो, आणि उद्या एखादा कुक्कुटपालक त्या भरवशावर आपल्या खाद्यातील औषध बंद करतो. त्याच्या शेडमध्ये मरतूक झाली, तर तिचे मूळ प्रयोगशाळेतील न घासलेल्या जाळीत होते हे कोणाच्याही लक्षात येणार नाही.

याच काळातील दुसरा धोका खाद्याचा आहे. बाजारातील ब्रॉयलर स्टार्टर खाद्यात सॅलिनोमायसिनसारखे रक्ती हगवण प्रतिबंधक औषध मिसळलेले असण्याची शक्यता असते. ते खाद्य सर्व गटांना दिले गेल्यास संसर्ग नीट उतरतच नाही व संशोधक मात्रा वाढवत बसतो. औषधविरहित खाद्य स्वतंत्रपणे तयार करून घेणे हाच येथे खात्रीचा मार्ग. तिसरा धोका लसीचा. काही उबवणी केंद्रांत पिल्लांना पहिल्याच दिवशी रक्ती हगवणीची जिवंत लस दिली जाते. अशी पिल्ले विष्ठेतून ऊसिस्ट बाहेर टाकतात व त्यांना प्रतिकारशक्तीही येते. पिल्ले घेताना याची लेखी माहिती मागावी.

यावर उपाय खर्चिक नाही. पिल्ले आल्यापासून मात्रेच्या दिवसापर्यंत प्रत्येक पिंजऱ्याच्या विष्ठेची किमान तीन वेळा तरंगण पद्धतीने तपासणी करावी. एकाही नमुन्यात ऊसिस्ट आढळल्यास सर्व तुकडी बाद करावी व खोली नव्याने निर्जंतुक करावी. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असताना हा निर्णय जड जातो, हे खरे आहे. परंतु दूषित तुकडीवर प्रयोग पुढे रेटल्यास ते पक्षी विनाकारण मरतात.

नियंत्रण गटाची साक्ष

प्रयोग सुरू झाल्यावर संसर्ग न दिलेल्या गटाच्या विष्ठेची तपासणी बंद केली जाते, कारण तेथे काही सापडणे अपेक्षित नसते. वस्तुतः निवासव्यवस्थेची परीक्षा याच गटात होते. या गटात ऊसिस्ट कोणत्या दिवशी दिसले, यावरून दोष कोठे आहे ते ओळखता येते. मात्रेच्या दिवसाआधी किंवा त्यानंतर पाच दिवसांच्या आत ते दिसले, तर पिल्ले आधीच बाधित होती. संसर्गित गटाबरोबरच सहाव्या-सातव्या दिवशी दिसले, तर मात्रा देताना नळीची वा हातमोज्यांची अदलाबदल झाली, अथवा त्याच सुमारास पिंजऱ्यात ऊसिस्ट शिरले. तेराव्या-चौदाव्या दिवशी दिसले, तर संसर्गित पक्ष्यांचे ऊसिस्ट बाहेर पडून, पक्व होऊन शेजारच्या पिंजऱ्यात पोहोचले असा अर्थ होतो. दहाव्या दिवशी संपणाऱ्या प्रयोगात हा शेवटचा दोष दिसण्याआधीच पक्षी मारले गेलेले असतात. म्हणूनच अल्प मुदतीच्या प्रयोगात पूर्वतपासणीचे मोल अधिक.

शेजारच्या पिंजऱ्यात ऊसिस्ट जातात ते बहुधा माणसाच्या पायाने व हाताने. निरोगी गटाची कामे आधी, संसर्गिताची नंतर, आणि त्या दिवशी पुन्हा निरोगी गटाकडे जाणे नाही, हा क्रम कसोशीने पाळावा. दोन्ही खोल्यांची पादत्राणे, झाडू, बादल्या वेगळ्या असाव्यात. त्यांवर रंगाच्या खुणा केल्यास चूक टळते. घरमाशी, गादीतील काळे भुंगे, झुरळे व उंदीर हेही वाहक आहेत. धुळीबरोबरही ऊसिस्ट पसरतात. यास्तव एकाच खोलीच्या दोन भिंतींना दोन गट ठेवणे योग्य नाही. स्वतंत्र खोल्या नसतील, तर प्रयोग लहान करावा.

मोठ्या संशोधन संस्थांत यासाठी गाळलेल्या हवेचे बंदिस्त पिंजरे वापरतात. त्यांतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवल्यास बाहेरचे जंतू आत येत नाहीत. कमी ठेवल्यास आतले बाहेर जात नाहीत. निरोगी पक्ष्यांना पहिला प्रकार, संसर्गितांना दुसरा. हा फरक न समजता यंत्रणा खरेदी केली गेल्यास ती नेमकी उलट काम करते.

पिंजऱ्यासंबंधी आणखी एक बाब संख्याशास्त्राची आहे. एका पिंजऱ्यातील दहा पक्षी एकच पाणी पितात, एकमेकांची विष्ठा टिपतात, एकाच दिव्याची ऊब घेतात. त्यांची निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. एक पिंजरा अर्क दिलेला व एक न दिलेला, अशी दहा-दहा पक्ष्यांची तुलना प्रत्यक्षात एकास एक अशी तुलना ठरते. प्रत्येक गटाचे अनेक लहान पिंजरे करावेत व ते मांडणीच्या वरच्या-खालच्या कप्प्यांत चिठ्ठ्या टाकून विभागावेत, कारण वरचा कप्पा नेहमी अधिक उबदार असतो.

आजारी पक्ष्याची निगा

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते व पुढे ती आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करतात. हे वेळापत्रक निरोगी पिल्लांसाठी आहे. मात्रेनंतरच्या चौथ्या ते सहाव्या दिवसांत रक्त गेलेली पिल्ले गारठतात, पंख फुगवून एकमेकांना चिकटून बसतात. या दिवसांत सर्व गटांना सारखीच जादा ऊब द्यावी. केवळ आजारी गटाला दिल्यास तुलना बिघडते. जागेविषयी अमेरिकेतील प्रयोगप्राणी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीत दीड किलोपर्यंतच्या कोंबडीस किमान एक चौरस फूट जागा सांगितली आहे. ट्रेमधील ओल्या विष्ठेमुळे साचणारा अमोनिया २५ पीपीएमच्या खाली असावा, अन्यथा डोळे व श्वसनमार्ग यांना इजा होते.

कोणत्या अवस्थेला पक्ष्याचे हाल थांबवावयाचे, हे प्रयोगापूर्वीच लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. तुरा पांढरा पडलेला, उठवल्यावरही न उठणारा, पाण्यापर्यंत न जाणारा पक्षी वेदनारहित पद्धतीने संपवावा. मरतुकीची टक्केवारी हाच मापदंड धरण्याची आता गरज राहिलेली नाही. जॉन्सन व रीड यांनी १९७० मध्ये मांडलेली शून्य ते चार अशी व्रणांची श्रेणी सर्वमान्य आहे, आणि ती वापरण्यासाठी पक्षी आपोआप मरण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये स्थापन झालेली केंद्रीय समिती व १९९८ चे नियम यांनुसार प्राणिगृहाची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे. परवानगीच्या अर्जातील निवासाचा रकाना भरताना वरील तपशील लिहावे लागले, तर अर्धे दोष कागदावरच उघड होतात.

कोंबडीचा आयमेरिया माणसाला बाधत नाही. मात्र त्यामुळे हातमोजे व मुखपट्टी अनावश्यक ठरत नाहीत. दिसायला निरोगी पक्ष्याच्या विष्ठेतही साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात, आणि ऊसिस्ट साठवण्यासाठी वापरले जाणारे अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेट हे कर्करोगकारक रसायन आहे. मात्रा देण्यापूर्वी ते वारंवार धुऊन पूर्णपणे काढावे लागते, आणि त्याचे धुवण बेसिनमध्ये ओतू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाल्यानंतर प्रयोगाबाहेरच्या अचानक मरतुकीकडेही दुर्लक्ष करता येत नाही. अशा वेळी पशुसंवर्धन खात्याला कळवणे आवश्यक ठरते.

प्रयोगानंतरची खोली

ऊसिस्टचे कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. प्रयोगशाळेत ऊसिस्टवरील जिवाणू नष्ट करण्यासाठी त्यांना सोडियम हायपोक्लोराईटनेच धुतात व ते जिवंत राहतात. तेव्हा त्याच द्रावणाने खोली पुसून ती शुद्ध झाली असे मानणे विसंगत आहे. स्पिरिटचाही उपयोग नाही. परिणामकारक ठरतात त्या दोन गोष्टी : उष्णता आणि अमोनिया. प्रथम सर्व विष्ठा खरवडून काढावी, कारण सुकलेल्या थराखाली ऊसिस्ट सुरक्षित राहतात. नंतर सुटे भाग उकळत्या पाण्यात वा ऑटोक्लेव्हमध्ये घालावेत, लोखंडी जाळीवरून ज्योत फिरवावी. रिकाम्या खोलीत दहा टक्के अमोनियाचे द्रावण टाकून दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. हे काम योग्य मुखवटा लावूनच करावे, आणि आधी ब्लीचिंग वापरले असल्यास खोली भरपूर पाण्याने धुतल्याखेरीज अमोनिया आत नेऊ नये. दोहोंच्या संयोगाने विषारी वायू तयार होतो.

मृत पक्षी, ट्रेमधील विष्ठा व कागद जाळून किंवा ऑटोक्लेव्ह करून मगच बाहेर जावेत. महाविद्यालयाच्या बागेत खत म्हणून ही विष्ठा टाकली जाणे, किंवा उरलेले निरोगी पक्षी कर्मचाऱ्यांना घरी नेण्यास देणे, या दोन्ही गोष्टी दिसायला साध्या आहेत. प्रयोगशाळेत जपलेला आयमेरियाचा वाण गावातल्या परसातील कोंबड्यांपर्यंत पोहोचण्याचे तेच सर्वांत जवळचे मार्ग आहेत. खोली सुकल्यावर जाळीच्या सांध्यांतून व जमिनीच्या कोपऱ्यांतून खरवडलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत, नंतर औषधविरहित खाद्यावरची चार-पाच पिल्ले त्या खोलीत दोन आठवडे ठेवून त्यांची विष्ठा तपासावी, आणि ती स्वच्छ निघाल्यावरच पुढच्या विद्यार्थ्याला खोलीची किल्ली द्यावी.